पूर्णा आजी बदलली... मालिकेतलं माणूस गेलं की त्याच्या जागी दुसरं कुणी आणावं का?

सांजवात:

गेले कितीतरी दिवस लिहू लिहू म्हणतेय, आज आई लवकर झोपली म्हणून बसलेच लिहायला. विषय आहे 'ठरलं तर मग' मधली पूर्णा आजी. आई 76 वर्षांची आहे, बाबा गेल्यापासून माझ्याकडेच असते, आणि रात्री आठ ते दहा टीव्ही तिचा हे आमच्याकडे पक्कं आहे, त्यामुळे पोळ्या लाटता लाटता, डबे भरता भरता माझीही ही मालिका डिसेंबर 2022 पासून म्हणजे अगदी पहिल्या भागापासून बघून झाली आहे.

जे बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सायली अनाथाश्रमात वाढलेली, अर्जुन सुभेदार वकील, दोघांचं कॉन्ट्रॅक्ट मॅरेज, मधुभाऊंवर खुनाचा खोटा आरोप. आणि सुभेदारांच्या घरात सगळ्यात मोठी पूर्णा आजी, जिचा जीव लहानपणी हरवलेल्या नातीत, तन्वीत अडकलेला. ती तन्वी म्हणजे सायलीच, हे आपल्याला माहीत आणि आजीला नाही. ती दुसऱ्याच मुलीला, प्रियाला, तन्वी समजून जवळ घेते आणि खरी नात समोर ताट वाढतेय तिला फटकारते. मालिकेत कितीही पाणी घातलं तरी आई रोज का बसते त्याचं कारण हेच आहे, तिला तो एक क्षण बघायचाय.

तर 16 ऑगस्ट 2025, दहीहंडीचा दिवस. बाहेर डीजे, वर पाऊस. आई मोबाईल हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली "अगं, आजी गेल्या." मला वाटलं तळमजल्यावरच्या आजी, त्या बरेच दिवस आजारी होत्या. मी गॅस बंद केला, हात पुसले, चपला शोधायला लागले, कुणाकुणाला फोन करायचे ते डोक्यात सुरू झालं, आणि मग आईने मोबाईल पुढे केला. ज्योती चांदेकर, मालिकेतल्या आमच्या पूर्णा आजी. पुण्यात गेल्या. मी चपला तशाच घालून उभी, आणि आईला हे सांगायचंच राहिलं की मला दुसरंच वाटलं होतं, कारण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते तळमजल्यावरच्या आजींसाठी असतं तसंच होतं. त्या रात्री तिने मला जिओहॉटस्टारवर जुने भाग लावून द्यायला सांगितले. कुठले लावू विचारलं तर म्हणाली, "कुठलेही लाव, त्या असतील ते."

मधल्या काळात आजी पडद्यावर नव्हती. आणि मग रोहिणी हट्टंगडी पूर्णा आजी म्हणून आल्या.

इथे आणि बाकी ठिकाणी मी वाचतेय की भूमिका संपवायला हवी होती, ज्योतीताईंची जागा कुणी घेऊच शकत नाही, हे पैशासाठी चाललंय वगैरे. मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते नीट सांगायचं आहे म्हणून हा धागा.

एक म्हणजे ज्योतीताईंनी अडीच वर्षं त्या आजीला नातीची वाट बघायला लावली. रोज. कधी फोटोकडे बघत, कधी चुकीच्या मुलीच्या केसांवरून हात फिरवत. मिठी मारायचा सीन त्यांच्या वाट्याला आलाच नाही. आता आजीलाच मारून टाकलं असतं तर ती अडीच वर्षांची वाट पण गेली असती. सायलीला कुणीतरी फोटोसमोर उभं करून "आजी, ही बघा तुमची तन्वी" म्हटलं असतं आणि बॅकग्राउंड म्युझिक वाढवलं असतं. मला ते नको होतं. जिवंत आजीच्या कुशीत सायली जायला हवी, मग ती कूस कुणाचीही असो.

दुसरं, रोहिणीताई नक्कल करत नाहीत. आवाज त्यांचाच आहे, तो जड, खालच्या पट्टीतला, शब्द संपेपर्यंत पूर्ण उच्चारणारा. ज्योतीताईंची आजी रागावली की ओठ घट्ट मिटून मान फिरवायची, ही आजी मान फिरवत नाही, समोरच्याकडे बघत राहते. आधी मला ते टोचलं. आता वाटतं हेच प्रामाणिक आहे. त्यांनी जर ती मान फिरवण्याची लकब उचलली असती तर मला बघवलं नसतं.

आणि तिसरं आईचं. ती पहिल्या दिवशी पूर्ण भाग गप्प बसून होती. जाहिरात लागल्यावर म्हणाली, "ह्या 'होणार सून' मधल्या आईआजी." मी म्हटलं हो. पुढचं ती दुसऱ्या दिवशी बोलली, मेथी निवडताना, मी काही विचारलेलं नसताना. "घरात आजी पाहिजेच गं."

तुम्हाला काय वाटतं ते सांगा. फक्त कृपा करून "मालिका बघताच कशाला" असं लिहू नका, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

रिमोटवाला:

सांजवात, लिखाण मनापासून आहे पण पूर्ण असहमत. माझ्या मते भूमिका तिथेच थांबवायला हवी होती. तुम्ही म्हणता नातीची मिठी राहिली, अहो खऱ्या आयुष्यात पण राहतेच ना? किती आज्या असं काहीतरी बघायचं राहून गेल्या. मालिकेला एवढी मोठी, खरीखुरी गोष्ट हातात आली होती आणि त्यांनी ती सोडून दिली. सुभेदारांच्या घरात एक मृत्यू दाखवला असता, तेरा दिवस दाखवले असते, ते रडणारे सगळे लोक खरोखर रडले असते कारण त्यांचं खरंच माणूस गेलं होतं. 2020 मध्ये आशालता वाबगावकर 'आई माझी काळूबाई' च्या शूटिंगच्या वेळी कोरोनाने गेल्या तेव्हा पण मला हेच वाटलं होतं, की गाडी पुढे जाते, कुणी थांबत नाही.

आपल्याकडे सुतक पाळतात, दुकान बंद ठेवतात, मालिकेत मात्र माणूस गेलं तर ते घरात कुणाला कळतच नाही. अर्जुनला कळत नाही. सायलीला कळत नाही. त्यांच्या दृष्टीने आजी तीच. मला तिथे फार एकटं वाटतं, की आपण प्रेक्षकच तेवढे दुखवट्यात आणि पडद्यावरचं घर मजेत.

पडद्यामागची:

मी सहा वर्षं डेली सोपच्या सेटवर कॉस्च्युममध्ये काम केलं आहे (ही मालिका नाही, चॅनेल पण सांगणार नाही). रिमोटवाला, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थोडं वाईट वाटलं म्हणून लिहितेय. पडद्यावरचं घर मजेत नसतं हो.

डेलीमध्ये एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, फार नसते. चार दिवसांची असली तरी लोक नशीब समजतात. कधी कधी आज शूट केलेलं उद्या रात्री जातं. एखादा कलाकार आजारी पडला की पहिल्या तासात लेखकाला फोन जातो, सीन फिरवला जातो, त्यांचे डायलॉग दुसऱ्याला दिले जातात, "आजी देवळात गेल्यात" अशी एक ओळ टाकली जाते. हे सगळं होत असताना कुणालाच माहीत नसतं की ते माणूस परत येणार आहे की नाही. सगळे येणार असंच धरून चालतात. म्हणून मधले दिवस विचित्र दिसतात, प्रेक्षकांना वाटतं लपवताहेत, तर तसं नसतं, वाट बघत असतात.

आणि आमच्या खात्याचं सांगते. ज्येष्ठ कलाकारांच्या साड्या वेगळ्या ठेवलेल्या असतात, कपाटाला नाव लिहिलेलं असतं. आमच्याकडे एक काकू होत्या, त्या गेल्यावर त्यांची भूमिका करायला दुसऱ्या आल्या. मला सांगितलं की त्याच साड्या वापर, कंटिन्युटी राहील. मी ब्लाउज उसवायला घेतला, मापं बदलायला, आणि आतल्या बाजूला पहिल्या काकूंनी स्वतः घातलेला टाका होता, हिरव्या दोऱ्याचा, घाईत मिळाला तो दोरा. मी तो टाका तसाच ठेवला आणि बाजूने शिवलं. नवीन काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या "राहू दे, मला टोचत नाही." त्या पहिल्या सीनला जायच्या आधी त्यांनी मेकअप रूमच्या आरशाला नमस्कार केला. मी बघितलं आहे.

त्यामुळे पैशासाठी म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की हो, युनिटमध्ये शंभर-सव्वाशे माणसांचं पोट असतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

नागपुरी_संत्रं:

पडद्यामागची, हिरव्या दोऱ्याचं वाचून पुढे काही लिहूच नये असं वाटलं. तरी लिहितो.

मला वाटतं आपण दोन गोष्टी एकत्र करतोय. माणूस गेलं म्हणून बदललं ते वेगळं आणि तारखा, भांडण, नवीन काम म्हणून बदललं ते वेगळं. 'माझ्या नवऱ्याची बायको' मध्ये शनाया आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग परत रसिका सुनील. आमच्याकडे ती मालिका म्हणजे जीव की प्राण होता, राधिका नागपूरची असल्यामुळे, सुरुवातीला तिची बोली ऐकून माझी आत्या टाळ्या वाजवायची. ईशा केसकर काही वाईट नव्हती, पण शनायाचा विनोद हा तिच्या आवाजात होता, ती ज्या लाडीगोडीने बोलायची, जिथे थांबायची, त्यात होता. दुसरी मुलगी तेच वाक्य बोलली तर ते फक्त वाक्य राहायचं. आत्या म्हणायची "ही शहाणी वाटते रे."

'प्रेमाची गोष्ट' चं तर विचारूच नका. जानेवारी 2025 मध्ये तेजश्री प्रधान मालिका सोडून गेली आणि स्वरदा ठिगळे मुक्ता झाली. सागर-मुक्ताची केमिस्ट्री हीच मालिका होती, मला तो धक्का पचला नाही, मी सोडली. तेजश्री पुढे सुबोध भावेंबरोबर 'वीण दोघातली ही तुटेना' मध्ये आली तेव्हा मी तिकडे गेलो. मग माझ्या लक्षात आलं की मी मुक्तासाठी बघतच नव्हतो. बाकी कुणाचं असं झालं का?

सांजवात:

@नागपुरी_संत्रं, झालं की. 'अग्गंबाई सासूबाई' चं 'अग्गंबाई सूनबाई' झालं, शुभ्रा बदलली, सोहम बदलला, आणि आमच्याकडे पंधरा दिवसांत चॅनेल बदललं. तुमचं म्हणणं बरोबर आहे, नायिका बदलणं आणि आजी बदलणं सारखं नाही. नायिकेच्या आपण प्रेमात असतो. आजी ही जागा असते. हे लिहिताना मला कळतंय की हे ज्योतीताईंवर अन्याय करणारं वाटेल, पण तसं नाही म्हणायचंय मला, त्यांनी ती जागा भरली म्हणूनच ती रिकामी दिसली.

@पडद्यामागची, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. दोनदा. तिने विचारलंय की त्या काकू कोण, पण मी सांगितलं की तसं विचारायचं नसतं.

@रिमोटवाला, सुतकाचं जे लिहिलंत त्यावर विचार करतेय. उत्तर देते.

दूरदेशी:

न्यू जर्सीहून लिहितेय, इथे मराठी मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी बघते, आईशी फोनवर बोलायला विषय हवा म्हणून सुरू केलं आणि आता सवयच झाली.

रिमोटवाला जे म्हणताहेत ते इथे झालेलं आहे. 'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांचा कार्यक्रम. त्यात हूपर नावाचे दुकानदार होते, ते करणारे विल ली डिसेंबर 1982 मध्ये गेले. कार्यक्रम करणाऱ्यांनी दुसरा नट आणला नाही आणि "हूपर गावाला गेले" असंही सांगितलं नाही. नोव्हेंबर 1983 मध्ये एक भाग केला, त्यात तो मोठा पिवळा पक्षी, बिग बर्ड, सगळ्यांची चित्रं काढून आणतो, एकेकाला वाटतो, आणि शेवटचं चित्र हातात घेऊन म्हणतो, हे हूपरना द्यायचंय, ते कुठेत? मग मोठी माणसं त्याला सांगतात की ते गेले, आणि गेलेलं माणूस परत येत नाही. त्याला ते कळतच नाही. तो परत परत विचारतो. सांगणाऱ्यांचे डोळे भरलेले आहेत, आणि ते अभिनय करत नाहीयेत हे तीन वर्षांच्या पोरालाही कळेल. माझ्या मुलीला मी तो भाग दाखवला होता, तिचे आजोबा भारतात गेले तेव्हा. आम्हाला जाता आलं नव्हतं. मला तिला कसं सांगावं ते सुचत नव्हतं म्हणून लावला. भाग संपल्यावर तिने आजोबांचं चित्र काढलं आणि फ्रीजला लावलं, ते अजून आहे.

मोठ्यांच्या मालिकांमध्ये पण आहे. 'द वेस्ट विंग' मध्ये लिओचं काम करणारे जॉन स्पेन्सर डिसेंबर 2005 मध्ये हार्ट अटॅकने गेले, तेव्हा गोष्टीत लिओ उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवत होता. त्यांनी लिओला निवडणुकीच्याच रात्री जाऊ दिलं. जिंकल्याचा आनंद आणि हे एकत्र.

म्हणून मी मधोमध आहे. सांजवातची आई म्हणते घरात आजी पाहिजे, ते मला समजतं. पण माझ्या मुलीला ज्या भागाने मदत केली तो दुसरा नट आणला असता तर झालाच नसता.

तिठा:

कुडाळचा आहे म्हणून नाटकाचं बोलतो, आमच्या रक्तातच ते.

मराठी माणसाला 'रिप्लेसमेंट' हा शब्द टीव्हीने शिकवला नाही, नाटकाने शिकवला. श्रीराम लागूंनी 1970 मध्ये नटसम्राट उभा केला, पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा किती जणांनी बेलवलकर केले आणि लोकांनी तिकीट काढून बघितले, भांडले पण, की कुणाचा चांगला. मोरूची मावशी विजय चव्हाणांची, नंतर भरत जाधवची. आमचं 'वस्त्रहरण' बघा. मच्छिंद्र कांबळी म्हणजेच तात्या सरपंच, 2007 मध्ये ते, आमचे बाबूजी, गेले तेव्हा आमच्या गावात लोक म्हणाले आता संपलं. नाटक संपलं नाही. परत लागलं, परत लोक हसले. माझे वडील पहिल्यांदा दुसऱ्या माणसाला तात्याच्या जागी बघायला गेले तेव्हा मी बाजूला होतो. पहिली दहा मिनिटं हाताची घडी घालून बसले होते. नंतर एका शिवीवर असे हसले की खुर्ची कुरकुरली. बाहेर आल्यावर चहा पिताना म्हणाले, "बाबूजींचा नाटक आसा, मरात कसा?"

दुसऱ्याने भूमिका उचलली तर ती अपमान नाही, ती खांदा दिल्यासारखी आहे. उलट भूमिका बंद केली तर माणूस दोनदा जातो.

रिमोटवाला:

तिठा, वडिलांचं वाक्य सुंदर. पण नाटक आणि मालिका यात एक फरक आहे. नाटकाला जाताना मला माहीत असतं की आज तात्या दुसरा आहे, जाहिरातीत नाव असतं, मी ठरवून जातो. आणि प्रत्येक प्रयोग पहिल्यापासून सुरू होतो. मालिकेत काल एक चेहरा, आज दुसरा, आणि गोष्ट मधूनच पुढे. तीच आजी, तेच घर, तोच सोफा.

दूरदेशींनी सांगितलेला तो भाग मी शोधून बघितला. मला जे हवं होतं ते अगदी हेच. चित्र हातात राहतं आणि द्यायला माणूस नसतो. एवढंच.

अनुस्वार:

विनोदी मालिकेत हे सगळ्यात जास्त झालंय आणि त्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून. 'तारक मेहता का उल्टा चष्मा', 2008 पासून चालू आहे, माझी दोन्ही मुलं त्यावर जेवली. डॉक्टर हाथी करणारे कवी कुमार आझाद जुलै 2018 मध्ये गेले. त्यांच्या जागी निर्मल सोनी आले. आता गंमत नाही, खरी गोष्ट सांगते, सगळ्यात पहिले हाथी निर्मल सोनीच होते, ते सोडून गेले म्हणून आझाद आले होते. म्हणजे पहिला माणूस दुसऱ्याच्या जाण्यानंतर स्वतःच्याच भूमिकेत परत आला. मला तेव्हा हे माहीत नव्हतं, मी मुलांना सांगितलं की हे नवीन काका आहेत. मोठा म्हणाला, "मग जुने कुठे गेले?" मी खरं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला "मग हे 'सही बात है' म्हणतील का?" त्याला तेवढीच खात्री हवी होती.

नट्टू काकांचं मात्र मला जड गेलं. घनश्याम नायक ऑक्टोबर 2021 मध्ये गेले, पुढच्या वर्षी किरण भट्ट आले. घनश्याम काकांचा तो मागे वाकून बोलण्याचा प्रकार, पगारवाढ मागताना पुढे पुढे सरकणं, ते आम्ही घरात करून दाखवायचो. दुसऱ्यांनी ते केलं की माझं हसू अर्ध्यावर थांबतं. आणि दया, तिला 2017 पासून आणलीच नाही, तिची जागा रिकामी ठेवली. प्रत्येक दिवाळीला माझी सासू म्हणते ह्या वर्षी येईल. मला ती वाट बघणं पण बरोबर वाटत नाही, माणसाला किती ताटकळत ठेवायचं.

नागपुरी_संत्रं:

अनुस्वार, वाकून बोलण्याचं अगदी अगदी. विनोदात शरीर असतं, ते दुसऱ्याला देता येत नाही. 'हास्यजत्रा' मध्ये म्हणूनच कुणी कुणाला रिप्लेस करायच्या भानगडीत पडत नाही असं मला वाटतं. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांची स्किट आठवा. विशाखाताई 2022 मध्ये कार्यक्रम सोडून गेल्या आणि ती जोडी तिथेच संपली, समीर चौघुलेंनी दुसऱ्या लोकांबरोबर दुसऱ्या गोष्टी केल्या. तेच बरं झालं. नंतर 'शुभविवाह' मध्ये विशाखाताईंना खलनायिका म्हणून बघितलं तेव्हा पहिले दोन-तीन दिवस आम्ही सगळे हसायच्या तयारीत बसलो होतो, आणि त्यांनी हसूच दिलं नाही. केवढी ताकद लागते याला.

म्हणजे माझं मत असं बनतंय की विनोदी भूमिका नटाबरोबर जाऊ द्यावी, आणि आई-आजी-बाबा यांना घरात राहू द्यावं.

अनुस्वार:

आणि रीमा लागूंचं काय मग? मे 2017 मध्ये त्या गेल्या तेव्हा हिंदीत 'नामकरण' चालू होती. रागिणी शाहांनी ते काम पुढे केलं. ती आजी काही प्रेमळ नव्हती, दयावंती म्हणजे जरब होती, रीमाताईंनी ती नुसत्या नजरेने उभी केली होती. मला तिथे जागा वगैरे काही वाटली नाही, मला फक्त रीमाताई हव्या होत्या. मी बंद केली मालिका.

सांजवात:

उत्तर द्यायला उशीर झाला, आईला ताप होता तीन दिवस. आता बरी आहे.

@रिमोटवाला, तुम्ही लिहिलंत की काल एक चेहरा आणि आज दुसरा आणि माणूस तेच, हे पचत नाही. मला एक आठवलं. 2010 चा 'मी सिंधुताई सपकाळ' बघितला असेल तुम्ही. त्यात तरुण सिंधुताई तेजस्विनी पंडित आणि वयस्क सिंधुताई ज्योती चांदेकर. मायलेकी. एकाच बाईचे दोन चेहरे, आपण थिएटरमध्ये बसून एका क्षणात मान्य केले, कारण आधीच्या चेहऱ्यावर जे सोसणं होतं तेच पुढच्या चेहऱ्यावर होतं. म्हणजे ज्योतीताई स्वतः एकदा अशाच आल्या होत्या, दुसऱ्याने सुरू केलेलं माणूस पुढे न्यायला. आणि ते सुरू करणारी त्यांची स्वतःची मुलगी होती. मला हे परवा रात्री आईच्या कपाळावर पट्ट्या ठेवताना सुचलं आणि कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

पण सुतकाचं तुमचं मला पटलं आहे, ते कबूल करते. दोन्ही व्हायला हवं होतं असं आता वाटतं. आजी राहायला हवी आणि आपल्याला थांबायला पण मिळायला हवं. एक अख्खा भाग, गोष्ट बाजूला ठेवून, ज्योतीताईंचे सीन लावून, शेजारी ते सगळे कलाकार बसून आपापल्या नावाने बोलताहेत, अर्जुन म्हणून नाही, सायली म्हणून नाही. आणि त्याच्या शेवटी रोहिणीताई येऊन म्हणाल्या असत्या की उद्यापासून मी आहे. दूरदेशींच्या त्या भागात जसं मोठ्यांनी पोराला सरळ सांगितलं तसं आम्हाला सरळ सांगितलं असतं तर आई पहिल्या दिवशी अशी गप्प बसली नसती असं मला वाटतं. ती अभिनेत्रीवर नाराज नव्हती, तिला बोलायला कुणी वेळ दिला नव्हता.

रोहिणीताईंबद्दल एकच सांगायचं राहिलं. 'चार दिवस सासूचे' मध्ये 2001 पासून अकरा वर्षं, तीन हजारांवर भाग त्यांनी आशालता देशमुख केली. ज्या बाईने 'गांधी' चित्रपटातल्या कस्तुरबांच्या कामासाठी बाफ्टा हा ब्रिटनचा मोठा पुरस्कार घेतला तिने रोज संध्याकाळी आमच्या आयांच्या घरात यायला कमीपणा मानला नाही. आई तेव्हा पन्नाशीत होती, सांगलीला, बाबा ऑफिसातून येईपर्यंत ती आणि शेजारच्या काकू एकत्र बघायच्या. म्हणून मला वाटतं की नवीन आजी आईला परकी नव्हतीच, जुन्या ओळखीची बाई जड मनाने घरात आली होती.

रिमोटवाला:

मायलेकींचं मला माहीत होतं पण असं कधी जोडलं नव्हतं. माझं मत बदललं असं म्हणणार नाही. पण तुम्ही सांगताय तसा भाग असता तर मी विरोध केला नसता. आईंना लवकर बरं वाटू दे.

पडद्यामागची:

सांजवात, तसा भाग करायला एक दिवस लागतो फक्त. एक सेटअप, सगळ्यांना एकत्र बसवायचं, जुने सीन एडिटवाले रात्रीत काढून देतात. मी सेटवर असते तर त्या दिवशी कुणालाच कॉस्च्युम दिला नसता, आपापल्या कपड्यांत या म्हटलं असतं.

दूरदेशी:

आईंना ताप उतरल्यावर पहिलं काय बघायचं होतं?

सांजवात:

@दूरदेशी, तिने राहिलेले तीन भाग ओळीने लावायला सांगितले. दुसऱ्या भागात मध्येच म्हणाली, जरा थांबव, आणि मला म्हणाली की ह्या आजींचा चष्मा नाकावर खाली येतोय, कुणीतरी त्यांना सांगायला हवं. मग म्हणाली, लाव पुढे.